सत्कार खूप झाले, आता सहीचे अधिकार द्या

प्रति,
सातारा जिल्ह्यातील नागरी सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था यांची सन्माननीय संचालक मंडळे

सप्रेम नमस्कार.

मी सातारा शहरात राहते आणि सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करते. बँका, पतसंस्था, ट्रस्ट, शिक्षणसंस्था अशी नाना दप्तरं वर्षानुवर्षं माझ्यासमोर उघडली गेली आहेत. खतावणी, तेरीज, ताळेबंद तपासणं हे माझं काम आहेच, पण कुठेही गेले की मी आधी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या कामकाजाची नोंदवही, मागते. संस्था खरं म्हणजे कोण चालवतं, हे आकड्यांच्या आधी तिथे कळतं. विषय कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं, हरकत कुणी नोंदवली, कुठल्या कर्जप्रकरणावर कोण गप्प राहिलं, हे सगळं त्या पानांत असतं.

महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या संचालकांची सही या पानांवर जवळजवळ नेहमी सापडते. त्यांचं म्हणणं मात्र फार क्वचित सापडतं. काही संस्थांत तर सहीही सभेत झालेली नसते. प्रोसिडिंग शिपायाबरोबर घरी जातं, वहिनी सही करतात, आणि सभेत त्यांच्या खुर्चीवर त्यांचे पती किंवा दीर बसलेले असतात. मी हे स्वतः पाहिलं आहे. विचारलं, तर उत्तर मिळतं, "वहिनींना घरचं सुटत नाही, म्हणून मी येतो." हे सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण सहकार कायद्याने संचालक म्हणून जबाबदारी टाकली आहे ती वहिनींवर. उद्या एखादं कर्ज बुडालं आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरवायची वेळ आली, तर नोटीस त्यांच्या नावाने येणार. ज्या ठरावाच्या चर्चेला त्या हजरही नव्हत्या, त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागणार. हा अन्याय आपल्या सभागृहात, आपल्या समोर होतो आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

कायदा काय सांगतो हे आपल्याला माहीत आहे. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात बदल झाले आणि संचालक मंडळ जास्तीत जास्त २१ जणांचं व त्यात २ जागा महिलांसाठी, असं ठरलं. त्याच सुमाराला, २०११ मध्ये, याच राज्याने ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत ५० टक्के जागा महिलांना दिल्या. म्हणजे ज्या गावात आज सरपंच बाई आहे, सदस्यांत निम्म्या बाया आहेत, त्याच गावातल्या पतसंस्थेत २ जागा भरल्या की विषय संपतो. कायद्याने दिलेली ही किमान संख्या आपण कमाल मानून बसलो आहोत. उरलेल्या जागांवर बाईने उभं राहू नये असं कुठेच लिहिलेलं नाही, तरी सर्वसाधारण जागेवरून निवडून आलेली महिला संचालक मला माझ्या कामात अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली आहे.

हे सगळं आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेला फार वेगळ्या रीतीने घडलेलं आहे, आणि त्याची आठवण आज करून द्यावीशी वाटते.

कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले करत म्हसवडला गेलं की पावसाचा जिल्हा मागे राहतो. महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस माणदेशात पोचतच नाही. मेंढरं, घोंगडी, चाऱ्याची चिंता आणि पोटासाठी दूरदूर जाणारी माणसं, असा तो मुलूख. मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून आलेल्या चेतना गाला लग्नानंतर विजय सिन्हांच्या गावी, म्हसवडला, राहायला आल्या. अर्थशास्त्र शिकलेल्या होत्या. चळवळीतली बाई गावात येते, मोर्चे काढते, शिबिरं घेते, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यांनीही ते केलं. पण त्यांच्या आयुष्याला वळण दिलं कांताबाई नावाच्या एका लोहारकाम करणाऱ्या बाईने. रस्त्याच्या कडेला संसार, भाता आणि घण. पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, म्हणून रोजचे १० रुपये बँकेत टाकायची तिची इच्छा होती. चेतनाताई तिला घेऊन बँकेत गेल्या, तर एवढ्याशा रकमेचं खातं उघडणं परवडत नाही म्हणून बँकेने नकार दिला. कांताबाईला कर्ज नको होतं, सवलत नको होती. स्वतःचेच पैसे तिला सुरक्षित ठेवायचे होते.

मग बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांच्या सह्यांच्या जागी अंगठे होते. चेतनाताई खचल्या. बायका खचल्या नाहीत. लिहायला शिकू म्हणाल्या. शेतातून, मजुरीवरून परत आल्यावर त्या अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी त्याच बायका रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं की आम्ही लहान असताना शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही. हवी ती मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनी कॅल्क्युलेटर न घेता काढावं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. ग्रामीण बायकांनी ग्रामीण बायकांसाठी काढलेली देशातली पहिली बँक म्हणून ती ओळखली जाते.

ही गोष्ट आपण भाषणांत ऐकली आहे. पण भाषणं परवान्यापाशी थांबतात आणि मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. बँक उघडल्यावर लक्षात आलं की बायका शाखेत येऊ शकत नाहीत, कारण एक दिवस शाखेत घालवला की मजुरी बुडते. म्हणून बँकेची माणसं त्यांच्या दारावर जायला लागली. पासबुक घरी ठेवलं की नवऱ्याच्या हाती पडतं आणि शिल्लक कळली की पैसे मागितले जातात, अशी तक्रार आली, तेव्हा त्याचीही वेगळी व्यवस्था शोधली गेली. बाजारात बसणारीला कर्ज दिलं, तर ते धंद्यात कसं फिरवायचं हेही कळायला हवं, म्हणून व्यवसायशाळा निघाली आणि ती गाडीतून गावोगाव फिरली. सामुदायिक रेडिओ आला. २०१२ च्या दुष्काळात म्हसवडला चारा छावणी उभी राहिली. आणि हे करताना एक शिस्त पाळली गेली, जी लेखापरीक्षक म्हणून मला फार मोलाची वाटते. बँक ही बँक राहिली आणि शिकवणीसारखी कामं करणारं माणदेशी फाउंडेशन हे फाउंडेशन. ठेवीदारांच्या पैशातून शिकवणी चालवायची नाही आणि देणगीच्या पैशातून थकबाकी झाकायची नाही. ज्या जिल्ह्यात मी संस्थेच्या पैशातून काय काय चाललेलं पाहिलं आहे, तिथे ही शिस्त किती अवघड आहे याची मला पूर्ण कल्पना आहे.

जानेवारी २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक मंचाच्या वार्षिक सभेला सातही सह-अध्यक्ष महिला होत्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तेव्हाच्या प्रमुख क्रिस्तीन लगार्द, आयबीएमच्या जिनी रोमेटी, नॉर्वेच्या तेव्हाच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग, आणि त्यांच्या रांगेत म्हसवडच्या चेतना सिन्हा. आपल्या माण तालुक्याचं नाव तिथे गेलं ते बँक चालवणाऱ्या बाईमुळे. त्यानंतर जिल्ह्यात फलक लागले, अभिनंदनाचे ठराव झाले. मी तेव्हापासून वाट पाहते आहे की कुठलीतरी बँक ठराव करेल, आमच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पदासाठी आम्ही आमच्यातली एक बाई तयार करतो आहोत. माझ्यासमोर आलेल्या दप्तरांत तो ठराव मला अजून सापडलेला नाही.

आता एका बाईंविषयी लिहिते. त्यांचं नाव आणि त्यांच्या बँकेचं नाव मी देणार नाही, पण आपल्यातल्या अनेकांना आपल्या संस्थेतली अशीच कुणीतरी आठवेल.

या बाई वाणिज्य पदवी घेऊन एका सहकारी बँकेत लिपिक म्हणून लागल्या. काउंटर, मग क्लिअरिंग, मग सोनेतारण. सोनेतारणाच्या टेबलावर असताना त्यांच्या लक्षात आलं की एकाच घरातल्या माणसांची कर्जं दर मुदतीला नवं-जुनं होतात, व्याजाची रक्कम खिशातून कधी येत नाही, नव्या कर्जातूनच जुनं भरलं जातं आणि दागिन्यांचं मूल्यांकन प्रत्येक वेळी एकाच सराफाचं असतं. त्यांनी तारखा, खाते क्रमांक, वजनं असं सगळं मांडून शाखाधिकाऱ्यांकडे लेखी टिपण दिलं. टिपण मुख्य कार्यालयात गेलं. तिथून निरोप आला की बाईंनी आपलं काउंटर सांभाळावं. पुढे तपासणीत पिशव्या उघडल्या आणि फेरमूल्यांकन झालं, तेव्हा आतले दागिने मुलामा दिलेले निघाले. बुडालेली रक्कम तरतूद करून भरून काढावी लागली. त्या वर्षी सभासदांना लाभांश मिळाला नाही.

मी ते टिपण वाचलं आहे. इतकं नेटकं टिपण कित्येक पगारदार अंतर्गत तपासनीसांकडून मला मिळत नाही. ज्या बँकेत असं लिहिणारी व्यक्ती असते, तिथे तिला कर्ज विभागात न्यायला हवं, शाखा द्यायला हवी, वसुलीच्या बैठकीत बसवायला हवं. बाईंना बढती मिळाली नाही. त्यांच्यानंतर लागलेले दोघे जण शाखाधिकारी झाले. बढतीच्या यादीवर बोलताना एक संचालक म्हणाले होते, "बाई हुशार आहेत, पण रात्री-अपरात्री वसुलीला कशा जाणार?" हे वाक्य मला त्याच बँकेतल्या एकाने सांगितलं आणि ते वेगवेगळ्या तोंडून मी इतर ठिकाणीही ऐकलेलं आहे.

वसुली रात्री होत नाही, हे आपण सगळे जाणतो. चांगली वसुली कर्ज देतानाच झालेली असते. जामीनदार खरा आहे का, तारणावर आधीचा बोजा आहे का, कर्ज ज्या कामासाठी घेतलं त्या कामाला लागलं का, हे पाहिलं की हप्ता येतो. एवढं करूनही थकलं, तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आहे, जप्तीची रीतसर पद्धत आहे. कुणाच्या दारात रात्री जाऊन उभं राहणं हा कायद्याने दिलेला मार्ग नाही. आणि घरोघरी जायचंच म्हटलं, तर माणदेशात बायका तेच काम इतकी वर्षं करत आल्या आहेत.

त्या बाईंनी शेवटी राजीनामा दिला. आज त्या बचत गटांच्या एका महासंघाचा कारभार पाहतात. ट्रस्ट म्हणून नोंदणी आहे, मिळतं ते मानधन. गटांच्या वह्या त्यांनी एका पद्धतीत आणल्या, प्रत्येक गटाची तपासणी दुसऱ्या गटाच्या बायकांकडून करून घ्यायची रीत घातली, बँकांशी कर्जमर्यादेची बोलणी त्या स्वतः करतात. बँकेचं नुकसान झालं आणि महासंघाचं भलं झालं, असं म्हणून मला समाधान मानता येत नाही. एका कर्तबगार बाईला तिच्या ऐन उमेदीची वर्षं अशा पदावर काढावी लागली, जिथे तिच्या शब्दाला किंमत नव्हती. आणि आज जिथे किंमत आहे, तिथे तिला पुरेसा पगार नाही.

आता नियमाचं एक कलम आपल्यापुढे ठेवते, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे. नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची पात्रता रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये ठरवून दिली. पदवी, वय किमान ३५, आणि बँकिंग क्षेत्रात मधल्या किंवा वरिष्ठ व्यवस्थापन पातळीवर किमान ८ वर्षांचा अनुभव. या ८ वर्षांचा विचार करा. आज आपल्या बँकेत एकही बाई शाखाधिकारी किंवा विभागप्रमुख नसेल, तर पुढची ८ वर्षं आपल्याच बँकेतली एकही बाई या पदासाठी अर्जसुद्धा करू शकणार नाही. त्या वेळी आपण म्हणाल की पात्र महिला उमेदवारच मिळाली नाही, आणि ते कागदावर खरं असेल. पण ती अपात्रता आज, या वर्षीच्या बढतीच्या यादीत तयार होते आहे. बढतीची यादी आपण मंजूर करता.

शाखाधिकारीपद बायकाच नाकारतात, असंही सांगितलं जातं. काही नाकारतात, हे खरं आहे. मी त्यांच्याशी बोलले आहे. साताऱ्यातल्या बाईला पहिली बढती द्यायची आणि थेट दूरच्या तालुक्याला टाकायचं, तीही मुलं दहावी-बारावीला असताना, राहण्याची सोय न बघता, मग ती नको म्हणाली की प्रोसिडिंगला नोंद करायची, "बढती नाकारली." असा नकार तिची इच्छा दाखवत नाही. रोज येऊन-जाऊन करता येईल अशी शाखा पहिली तीन वर्षं द्या, बदलीची सूचना शैक्षणिक वर्ष संपताना द्या, शाखेत स्वच्छतागृह वापरण्याजोगं ठेवा. शेवटची गोष्ट लिहिताना मला वाईट वाटतं, पण ती लिहिणं भाग आहे, कारण काही शाखांत आजही ते नाही.

व्यवसायातलं एक उदाहरण शेजारच्या पुण्यातलं देते. १९९६ मध्ये रोहिंटन आगा गेले आणि थरमॅक्सच्या अध्यक्षपदाची जबाबदारी अनु आगांवर आली. पतीच्या पश्चात पत्नी खुर्चीवर बसते, हे आपल्या सहकारात नवीन नाही. पण अनु आगा त्या खुर्चीवर येण्याआधी अनेक वर्षं त्याच कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करत होत्या आणि त्याच्या प्रमुख होत्या. कंपनी घसरणीला लागली, शेअरचा भाव पडला, तेव्हा त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले आणि संचालक मंडळाची फेररचना केली. घरातल्या माणसांना बाजूला होण्याचा निर्णयही त्यात होता. २००४ मध्ये त्या पायउतार झाल्या आणि शिक्षणाच्या कामात, आकांक्षा आणि टीच फॉर इंडिया या संस्थांत, त्याच तडफेने उतरल्या. दोन्हीकडे त्यांना निर्णय घेता आले, कारण दोन्हीकडे अधिकार त्यांच्या हातात होते. आपल्याकडे पतीच्या जागी आलेल्या वहिनींना ती जागा मिळते, अधिकार मात्र घरातल्या दुसऱ्या पुरुषाकडे जातात.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीलाही हाच अनुभव आला असावा. कंपनी कायद्याने २०१३ मध्ये ठरावीक कंपन्यांवर किमान एक महिला संचालक बंधनकारक केली, तेव्हा कित्येक ठिकाणी मालकांच्या घरातल्याच बायका नेमल्या गेल्या. पुढे १ एप्रिल २०१९ पासून सर्वांत मोठ्या ५०० नोंदणीकृत कंपन्यांना महिला संचालक स्वतंत्र असली पाहिजे, असा नियम आला. सहकारात असा नियम नाही. तो येण्याची वाट न पाहता आपण तो स्वतःच पाळू शकता. संचालकाच्या घरातली उमेदवार राखीव जागेवर देणार नाही, असं पॅनेल करतानाच ठरवा. नेत्यांना हे सांगायला धैर्य लागतं, हे मला ठाऊक आहे.

आणि ही वेळ योग्य आहे. सहकारी बँकांच्या संचालकांना सलग १० वर्षांपेक्षा जास्त पदावर राहता येत नाही. अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक एवढेच त्यातून वगळलेले आहेत. ही मर्यादा आधी ८ वर्षांची होती, १ ऑगस्ट २०२५ पासून ती १० झाली. बँकिंग नियमन कायदा असंही सांगतो की मंडळातल्या किमान ५१ टक्के संचालकांना लेखाकर्म, शेती व ग्रामीण अर्थव्यवस्था, बँकिंग, सहकार, कायदा, लघुउद्योग अशा विषयांचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव हवा. जागा रिकाम्या होणार आहेत आणि त्या भरायला जाणकार माणसं लागणार आहेत. कराड, फलटण, वाई, साताऱ्यात सनदी लेखापाल बायका आहेत, वकील आहेत, कृषी पदवीधर आहेत, एमआयडीसीत स्वतःचा कारखाना चालवणाऱ्या आहेत. त्यांच्या घरी आजवर कुणी विचारायला गेलेलं नाही.

साखर कारखान्यांचा प्रश्न मुळाशीच वेगळा आहे, म्हणून त्याबद्दल थोडंच लिहिते. ऊस लावते, खुरपते, बांधते ती बाई; सातबारा पुरुषाच्या नावावर; सभासदत्व सातबाऱ्यावर; मतदान सभासदत्वावर. मतदार यादीतच बाई नसेल, तर संचालक मंडळात कुठून येणार? शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची हाक देऊन शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं, ते आपल्या वडिलांच्या पिढीने ऐकलं आहे. कारखान्यांनी गट कार्यालयांमार्फत हे काम हाती घेतलं, तर पाच-दहा वर्षांत सभासद यादीचं रूप पालटेल.

शिक्षणसंस्थांच्या मंडळींशी मात्र जरा सविस्तर बोलायचं आहे. आपल्या जिल्ह्यात कर्मवीरांचं नाव न घेता शिक्षणाचं भाषण सुरू होत नाही. त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी दागिने आणि शेवटी मंगळसूत्र दिलं, हा प्रसंग येतोच, आणि सभागृहाचे डोळे ओले होतात. माझेही होतात. पण सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायला बसवायची, धान्य पुरवून वापरायचं, आजारी मुलांकडे बघायचं, त्या काळात, सोवळ्या-ओवळ्याच्या त्या वातावरणात, हे रोज निभावणारी बाई संस्थेची कारभारी होती. आपण तिचा त्याग लक्षात ठेवला, तिचा कारभार विसरलो. नायगावच्या सावित्रीबाईंचंही तसंच. ३ जानेवारीला हार घालतो, आणि जोतीरावांच्या मागे सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी वाहिली, १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेत त्या अध्यक्षस्थानी होत्या, हे सांगायला विसरतो. त्याग करणारी बाई आपल्याला पूज्य वाटते आणि अध्यक्षस्थानी बसलेली बाई अडचणीची वाटते. याचा परिणाम आजच्या पगारपत्रकांवर होतो. ट्रस्टमध्ये, महिला मंडळात, स्वयंसेवी संस्थेत पंधरा-वीस वर्षं माणसं, पैसा आणि हिशेब सांभाळणाऱ्या बाईला आपण समाजसेविका म्हणतो आणि मानधनावर ठेवतो. तोच व्याप सांभाळणाऱ्या पुरुषाला व्यवस्थापक म्हणतो आणि वेतनश्रेणी देतो. तिने कुठे अर्ज केला, तर तो अनुभव अनुभव म्हणून धरला जात नाही.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा. महिला संचालकांना सभेची सूचना आणि विषयपत्रिका थेट त्यांच्या हाती, त्यांच्या स्वतःच्या फोनवर, कायद्याने ठरवलेल्या मुदतीत मिळावी, आणि सभागृहात निवडून न आलेली कुणीही व्यक्ती, मग ते कुणाचेही पती असोत, बसू नये. हे चेअरमनसाहेब एका वाक्यात करू शकतात. कर्ज, लेखापरीक्षण आणि वसुली या तीन उपसमित्यांपैकी निदान एकीचं अध्यक्षपद महिला संचालकाकडे द्या. महिला बचत गट समिती देऊन ते भागवू नका. धनादेशावर सही करणाऱ्यांत एक महिला अधिकारी असू द्या. तज्ज्ञ संचालक घ्यायचा असेल, तर या वेळी एक बाई घ्या. बढतीच्या यादीत शाखाधिकारीपदासाठी महिलांचा विचार झाला का आणि झाला नसेल तर का नाही, हे कारणासह प्रोसिडिंगला लिहा. संस्थांच्या मदतनिधीतून किंवा कंपन्यांच्या सामाजिक निधीतून चालणाऱ्या कामांत जबाबदारीच्या पदाला पगार द्या आणि सोडताना रीतसर अनुभवाचं प्रमाणपत्र द्या.

८ मार्चला सत्कार जरूर करा, बायकांना तो आवडतो. पण त्या दिवशी एक कर्जप्रकरण छाननीसाठी त्यांच्यापुढे ठेवून बघा, ही माझी मनापासून सूचना आहे. आपल्याला काही प्रश्न असे ऐकू येतील, जे आजवर कुणी विचारले नव्हते. त्या घराचा रोजचा खर्च किती, दूध डेअरीला किती जातं, मुलीचं लग्न कधी आहे, हप्ता कुठल्या महिन्यात जड जाईल. ही माहिती सिबिलच्या अहवालात मिळत नाही.

सप्टेंबरअखेर आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतील आणि त्याआधी अहवाल छापले जातील. त्यात अध्यक्षांच्या मनोगतानंतर एक पान मोकळं ठेवा आणि त्यावर एवढीच माहिती छापा: महिला संचालक किती, त्यांची प्रत्यक्ष हजेरी किती, कोणत्या उपसमितीच्या त्या अध्यक्ष आहेत, महिला शाखाधिकारी आणि विभागप्रमुख किती, आणि या वर्षी बढती मिळालेल्यांत महिला किती. आकडा शून्य असेल, तर शून्य छापा. मी ज्या ज्या संस्थांचं काम पाहते, तिथे हे पान मी मागणार आहे. सभासद भगिनींनाही मी सांगते आहे की सभेत उठून ते मागा, आणि पान नसेल तर आपला प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर दोन्ही प्रोसिडिंगला लिहून घ्या.

आपली नम्र,
एक लेखापरीक्षक,
सातारा